परातीशेजारचा फोन

कोरेगाव, दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रिय दीपमाला,

सप्रेम नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा आहे.

दि. २७ जुलै रोजी आपले बंधू सूरज नागपंचमीनिमित्त आपणांस माहेरी कराड येथे नेण्यासाठी आटपाडीस आले असता, आपल्या सासूबाई विजयमाला यांच्या फोनवर मी पाठवलेले काही आवाजी संदेश सर्वांसमोर वाजले. त्यांतील माझ्या विनोदी शैलीतील काही विधानांमुळे आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करते. सदर विधानांमागे कोणताही वाईट हेतू नव्हता. गैरसमज दूर करून आपण लवकरच सासरी परत यावे, ही नम्र विनंती. आपले पती जयराज सैन्यातून दिवाळीच्या सुट्टीवर येत असून तत्पूर्वी आपण घरी असल्यास सर्वांना आनंद होईल.

आपली शुभचिंतक,
श्रीमती बयाबाई
(जयराज यांच्या आईची आई)


कोरेगाव, ७ सप्टेंबर २०२५

दीपमाला पोरी,

आधीचं पत्र चुलीत घाल. तुमच्याकडं चूल नसेल तर फाड.

सूरजचा फोन आला होता. म्हणाला, "ताईनं वाचलं आजी. म्हणली, हे आजीचं न्हाई, पतसंस्थेची नोटीस हाय." मी मोठ्यानं हसले आणि फोन ठेवल्यावर तशीच बसून राहिले. बरोबर ओळखलंस. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. जयराजनं गेल्या सुट्टीत माझ्या फोनात एक बोलकी बाई घालून दिली. तिच्यापुढं बोललं की ती लिहिते, लिहिलेलं वाचूनही दाखवते. तुझ्यासाठी मी तिच्यापुढं बराच वेळ बोलले, मध्येच रडले, शेजारणीची म्हैस दारात आली तिला हाकललं, ते सगळं तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, अधिक नम्र आणि नीटनेटकं करून देऊ का? म्हटलं, दे. तिनं वाचून दाखवलं तेव्हा माझी मलाच भुरळ पडली. इतकी नम्र मी सासूपुढंही नव्हते. मनात म्हटलं, वाकायचं काम परस्पर झालं आणि आपली कंबरही दुखली नाही. म्हणून तसंच छापून पाठवलं.

आता तिला बजावलंय. मी 'हाय' म्हणते तिथं तू 'आहे' लिही, तेवढी शोभा असू दे. पण बोललेलं काढायचं नाही, न बोललेलं घालायचं नाही, आणि दुसऱ्या माणसांचं बोलणं जसंच्या तसं ठेवायचं. ऐकते बिचारी. सून म्हणून चांगली निघाली असती.

बघ, सुटली जीभ. हे काढ म्हणणार होते, पण आताच काय बजावलं ते आठवलं.

इथल्या सुनेकडूनही लिहून घेता आलं असतं. पण तुझी गोष्ट आणखी एका तोंडी कशाला. छापायचं काम बिरदेवच्या झेरॉक्सच्या दुकानात होतं. त्याला म्हटलं, छापताना वाचू नको. तो म्हणाला, "आजी, सातबारं छापून डोळं गेलं माजं, तुमचं कोण वाचतंय." आणि फोन सोडून पत्र कशाला, तर तू माझा नंबर बंद केलास. मी फोनातली माणसं गोल फोटोवरनं ओळखते. तुझा पिवळ्या साडीतला फोटो गेला आणि त्या जागी बिनतोंडाचं राखाडी माणूस येऊन बसलं. तेव्हा मला कुणी सांगावं लागलं नाही.

त्या दिवशीचं मला विजूकडून कळलं, तेही एकदाच, एका दमात. ती भाकऱ्या थापत होती. मुराळी आलेला सूरज जेवायला बसला होता, तुझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. विजूचा फोन नेहमीसारखा परातीशेजारी. बोटाच्या पेरानं दाबून ती माझा आवाज लावते, गेलं वर्षभर आमचं असंच चाललंय. ती म्हणते, आईचा आवाज ऐकत भाकरी थापली की पाठ दुखत नाही. पहिल्या आवाजात मी तुला पंचमीच्या बांगड्या हिरव्या भर म्हणाले होते. तेवढाच वाजून थांबला असता तर आज मी चांगली आजी असते. पण एक संपला की पुढचा आपोआप लागतो. ही खोड मला ठाऊक नव्हती असं नाही. उलट मला आवडायची. आवाजामागून आवाज येत राहिला की घरात माणसं आहेत असं वाटतं.

दुसऱ्या आवाजात मी काय बोलले ते तू ऐकलंस, तरी ते माझ्या तोंडानं पुन्हा बोलते, म्हणजे नोटीस वाटणार नाही. मी म्हणाले, त्या पोरीला दिवस गेले, दुसऱ्या महिन्यात पोट पडलं, हे बायकांना होतंच. तेवढ्यावर किती दिवस हातरूण धरणार? विजे, तू वाऱ्यानं उलटी होणारी छत्री घेऊन बसलीस. उसाची मोळी एका हातानं उचलणारी एक पोरगी माझ्या बघण्यात आहे, जयराजला विचार. आणि तिसऱ्या आवाजात मी तुझ्या रडण्याची नक्कल केली.

विजूचे हात पिठात. ती बंद करायला बोट लावते, पिठाचं बोट त्या काचेला कळत नाही. लुगड्याला पुसून पुन्हा लावलं, तोवर मी रडून संपले होते. जी गोष्ट तू तुझ्या आईलाही सांगितली नव्हतीस, ती तुझ्या भावानं हातात घास धरून ऐकली.

तू त्याच्याबरोबर गेलीस ती गौरी येऊन गेल्या तरी आली नाहीस. विजू माझा फोन घेत नाही. जावई उचलतात आणि रानात गेलीय म्हणतात. त्या दिवशी सगळं सांगून झाल्यावर ती शेवटी म्हणाली, "आई, माजं घर मोडलंस."

मोडलं मी, कबूल. पण एक तुलाही सांगते. विषय विजूनंच काढला होता. तिनं सांगितलं म्हणून तर मला कळलं. ती रोज काहीबाही सांगायची, मी आपली ओ द्यायची. तरी ती मनानं वाईट नाही, तिच्या तोंडून तुझं चांगलंही निघालेलं मी ऐकलंय. तिचे सगळे आवाज माझ्या फोनात आहेत. ते शोधून काढते आणि तुला कळवते. तोवर घरी यायचा विचार कर. जयराज रिकाम्या घरात आला तर मी त्याला कुठल्या तोंडानं भेटू?

आजी


कोरेगाव, २८ सप्टेंबर २०२५

दीपमाला,

शोधते म्हणाले खरी, पण शोधायचं कसं हे मला कुठं ठाऊक? लिहिता-वाचता येणारी माणसं वर नाव बघतात, तारीख बघतात. माझ्यापुढं नुसत्या पट्ट्या, प्रत्येकीत मुंग्यांची रांग, आणि सगळ्या मुंग्या सारख्या. बोलक्या बाईला विचारलं, विजू दीपमालाविषयी चांगलं कधी बोलली ते काढून दे. ती म्हणाली, मला ते ऐकता येत नाही. म्हटलं, बाई, चारचौघांत वाजवायला बरं येतं.

मग पहिल्यापासून ऐकत आले. फोन चार्जरला लावून भिंतीशी बसायचं आणि ऐकायचं. सुनेनं विचारलं, "आत्या, कीर्तन लावलंय व्हय?" म्हटलं, व्हय, महाराज लय बोलतोय.

पोरी, तो महाराज म्हणजे मीच.

मला आपलं वाटत होतं, विजू तक्रार करते आणि मी तिचं मन हलकं करते. मागच्या पत्रात तुला तसंच सांगितलं. ऐकलं तेव्हा निराळंच निघालं. विजू म्हणते, "आई, आज दीपीनं आमटी केली, जरा तिखट झाली." एवढंच म्हणते आणि पावसाचं विचारते. मग माझा आवाज लागतो. आमटी तिखट का झाली, तिच्या आईनं तिला काय शिकवलं, जयराज सीमेवर गोळी खाईल पण ही आमटी खाणार नाही, असं बोलत मी किती लांब गेलेय. विजू पुढच्या आवाजात हसते. म्हणते, "आई, तसं न्हाई गं. गुणाची हाय ती." त्यावर मी काही बोलतच नाही. गुणाचं ऐकून मी काय बोलणार? दोन दिवस माझा आवाजच नाही. तिसऱ्या दिवशी विजू आपणहून सांगते, आज दीपीनं दूध उतू घालवलं. लगेच मी हजर.

असं पुन्हा पुन्हा. पावसाचं सांगितलं की मी हूं करते, गुडघ्याचं सांगितलं की तेल लाव म्हणते. तुझं वेडंवाकडं काही सांगितलं की मी भरभरून बोलते. मग ती काय करणार? जावई रानात, पोरगा राजस्थानात, दिवसभर भिंतीशी बोलायचं. आईनं चार शब्द जास्त बोलावेत म्हणून ती रोज तुझी एक चूक शोधून माझ्यापुढं ठेवायची, लहानपणी चिंचा आणून ओंजळीत टाकायची तशी. हे मला त्या मुंग्यांच्या रांगेनं सांगितलं. माझ्या आठवणीत तर मी समजूतदार होते.

जयराजचे आजोबा पलटणीत होते तेव्हा मी त्यांना पत्रं धाडायची, तीही सांगून लिहून घेतलेली. लिहायला पोस्टातले बाबा. त्यांच्यापुढं काय बोलणार? सासूचा राग यायचा, पण बाबांच्या चष्म्याकडं बघितलं की 'सर्व क्षेमकुशल' एवढंच तोंडातनं निघायचं. तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा. वाटायचं, मध्ये कुणी माणूस नको, आपलं बोलणं थेट गेलं पाहिजे. उतारवयात तशी सोय झाली. बटण दाबून बोललं की आटपाडीला पोचतं. ऐकणाऱ्याची भुवई वर गेलेली दिसत नाही, मध्ये कुणी खाकरत नाही. मला लाज धरायला कुणी समोर लागत होतं, हे कुठं ठाऊक होतं?

पण ज्यासाठी बसले होते तेही सापडलं. तुझं पोट पडलं ते विजूनं मला सांगितलं, तो आवाज. ती रडत होती. काय म्हणाली ते मी बोलक्या बाईकडून लिहून घेतलं, पुढच्या पानावर जोडायचं ठरवलं. तू ते वाचलंस तर त्याच दिवशी एसटीत बसशील. एवढी माझी खात्री आहे.

बिरदेवच्या दुकानात जाऊन ते पान छापून घेतलं, पाकिटावर पत्ता घालायचा राहिला होता. दुकानात गर्दी, मी बाकावर. माझ्या पुढच्या माणसानं कागद काढता काढता फोनला बोट लावलं आणि त्याच्या बायकोचा आवाज दुकानभर झाला. "येताना खोबरं आना. आनि तुमच्या आईला सांगा, दात काढून ठिवलं तरी जीभ तोंडातच हाय तिच्या." सगळं दुकान हसलं. सगळ्यांच्या आधी मी हसले. तो माणूस कानशिलापर्यंत लाल झाला. त्याला ते बंद करता येईना.

हसू तोंडावर होतं तोवरच हातातल्या पानाकडं लक्ष गेलं. हे विजूनं मला सांगितलं होतं. तुला नव्हे. मी ते तिला न विचारता एका माणसाच्या मशीनमध्ये घालून तुझ्याकडं धाडायला निघाले होते. चांगल्यासाठी, हो. पण बोलणाऱ्या बाईला विचारलं कुणी?

ते पान जोडलेलं नाही. मी आटपाडीला जाऊन येते. ती हो म्हणाली तर पुढच्या पत्रात मिळेल. विजू रडत होती हे मात्र लिहून बसले. ते न बोललेलं बरं होतं, पण बोलले.

आजी


कोरेगाव, १२ ऑक्टोबर २०२५

दीपमाला,

आटपाडीला तुझ्या घरी जाऊन आले. विट्याला गाडी बदलताना कंडक्टरनं हाताला धरून चढवलं, म्हणाला, "म्हातारे, माहेरी निघालीस का सासरी?" म्हटलं, कोर्टात निघाले.

विजूनं दार उघडलं, पाणी दिलं, पाया पडली. मग परात घेऊन बसली. परातीशेजारी फोन नव्हता. तो आतल्या कपाटात असतो म्हणे, वाजला तरी हात धुऊन, पुसून मग जाते. तोवर बंद होतो.

मी भिंतीला टेकून बसले आणि म्हटलं, "विजे, तुझा एक आवाज माझ्याकडं हाय. तू दीपीचं सांगितलंस तो. मी तिला धाडू का? ऐकला तर ती येईल."

ती थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणाली, "न्हाई."

"अगं, त्यात तुझं काय वाईट न्हाई. लय चांगलं बोललीस तू."

"चांगलं बोलले का वाईट, तुला बोलले हुते."

"घर सांधतंय त्यानं."

"आई, तिला आधी कळलं, सासूनं माजं गुपित आईला सांगितलं. आता कळंल, सासूचं रडनंबी आईनं भरून ठिवलंय. मंग ती म्हनंल, ह्या बायांनी आनि काय काय भरून ठिवलं असंल? ती ह्या घरात तोंड उघडंल का पुन्हा?"



मी विषय बदलला. म्हटलं, "मग जयराजला काय सांगायचं?"

"त्याला म्या सांगितलंय. फोनवरच. समदं." भाकरी टोपल्यात टाकून म्हणाली, "तो दोन दिवस बोलला न्हाई. आता बोलतोय. तिला काय सांगायचं असंल तर मला तोंड हाय, आई. तुज्या फोनाची गरज न्हाई."

जेवले. तिनं वाढलं, आग्रह केला नाही. हात धुतल्यावर पुढं येऊन बसली आणि म्हणाली, "आण तो फोन. माज्यासमोर काढून टाक."

मला काढता कुठं येतं? पट्टी दाबून धरायची, मग फोन काहीतरी विचारतो. विजूनं वाचलं. म्हणाली, "'फक्त माझ्यासाठी काढा' म्हनतोय." म्हटलं, तसलं अर्धवट काम नको, तुझ्या फोनातलंही काढ. तिनं कपाटातला फोन आणला. तिच्या फोनातलं तिनं काढलं, माझ्यातलं तिनं दाखवलं तसं मी काढलं. तो एकच काढायचा होता. पण तिचं बोट थांबेना. माझं छत्रीचं गेलं, नकलेचं गेलं, आमटीचं गेलं, दुधाचं गेलं. मग त्यांच्याबरोबर तिचं हसणंही गेलं, एकदा पाऊस पडत होता तेव्हा तिनं नुसता पत्र्यावरचा आवाज धाडला होता तो गेला, आणि एकदा तिला ताप होता तेव्हा ती लहानपणी म्हणायची तसं 'आई गं' म्हणाली होती, तेही गेलं. मी तोंडातनं एकदा 'तेवढं राहू दे' काढलं. ती म्हणाली, "कुठलं?" मला दाखवता आलं नाही. सगळ्या मुंग्या सारख्या.

बिरदेवकडून छापून घेतलेलं ते पानही मी तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं नाही. तव्याखाली सारलं.

म्हणून पोरी, मागच्या पत्रात म्हटलं ते आता माझ्याकडं नाही. विजूनं नको म्हटलं. काय होतं ते मला विचारू नकोस, मी सांगणार नाही. मला न सांगणं जमतं का, हे मलाच बघायचंय. तिच्याकडून ऐकायचं असेल तर तिच्या तोंडून ऐक. ते नको असेल तर तेही तुझं तू ठरव. दिवाळीला घरी ये असं मी आता म्हणत नाही. तेवढा हक्क माझा राहिलेला नाही.

नकलेबद्दल मात्र माझं मला बोलू दे, ते दुसऱ्या कुणाचं नाही. तुझ्या रडण्याला मी हसले. पहिलं मूल पोटात असताना मीही पडून रडलेली आहे आणि माझ्या सासूनं माझी नक्कल केली होती. ती मला आठवत होती. आठवत असूनही केली. ही दिलगिरी कुणी नीटनेटकी केलेली नाही.

आजी


कोरेगाव, ९ नोव्हेंबर २०२५

दीपमाला,

जयराजकडून तुमच्या क्वार्टरचा पत्ता घेतला आणि बिरदेवकडून पाकिटावर घालून घेतला. पोचलं तर वाच, नाही पोचलं तर पोस्टाला दोष देऊ, इतके दिवस फोनाला दिला.

जयराज सुट्टीवर आला तेव्हा आधी इथं उतरला, मग कराडला तुझ्याकडं गेला, आटपाडीत एकटाच राहिला. दिवाळीला विजूनं चकल्या केल्या, शेजारी वाटल्या. तू सासरच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाहीस आणि परस्पर कराडहून त्याच्याबरोबर राजस्थानला गेलीस. तुम्ही दोघं एकत्र आहात हे ऐकून मी देवापुढं गूळ ठेवला. मग विजूच्या घरात आता कोण आहे, हे मनात आलं आणि गूळ उचलून मुंग्यांना घातला. आनंद करावा की नाही ते मला ठरवता येईना.

विजू आता माझा फोन घेते. आवाज धाडत नाही, समोरासमोर बोलते. पाऊस थांबला. उसाला कारखान्याची तोड मिळाली नाही. जावयांचा खोकला बरा आहे. मी आतून फुरफुरत असते, एखादं तरी वाक्य टाकावं असं वाटतं. टाकत नाही. टाकलं तरी ती हसणार नाही. मी माझ्या मुलीशी इतकं कोरडं कधीच बोलले नव्हते. पोस्टातले बाबा मध्ये बसल्यासारखं होतं. पूर्वी बटण दाबलं की ती हसायची.

बोलकी बाई अजून आहे. ती रोज विचारते, आज काय मदत करू? मी म्हणते, गप्प बस.

परवा जयराजचा फोन आला. तू आंघोळीला गेली होतीस म्हणाला. म्हणाला, "आजी, आमी निघालो त्या दिवशी आई कराडच्या स्टेशनात आली हुती."

मला विजूनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी तिच्याशी तोडीच्या पावतीवर बोलले होते मी.

"एकटीच?"

"एकटीच. विट्याहून गाडी बदलून. आमच्या आधी येऊन बसली हुती. दीपी तिच्या पाया पडली. मग आई म्हनली, जयराज, पाण्याची बाटली घिऊन ये. बाटली हुती गं माज्याकडं. तरी गेलो."

"बरं केलंस."

"गाडी येस्तोवर बोलत हुत्या दोघी. दीपी रडली, मंग आई. मी लांबनंच बघत हुतो. गाडी लागली तवा जवळ गेलो, तर आईचं शेवटचं जरा ऐकू आलं." मग म्हणाला, "सांगू का तुला? तुजी काळजी जाईल."

पोरी, माझा हात कानाशी असा दाबला गेला की कानातलं रुतलं. इतक्या महिन्यांत मी एवढ्याचसाठी तर झुरत होते. विजूनं काय म्हटलं, तू काय म्हणालीस, माझं नाव निघालं का, निघालं तर कसं.

"नको," म्हटलं.

त्याला वाटलं, फोन कट झाला.

"आजी, हायस का?"

"हाय," म्हटलं. "तिकडं थंडी पडली का ते सांग."

बया